एका वेळी एकानेच लिहावे

एका वहीत एका वेळी एकानेच लिहावं, या एका नियमावर मानवी संस्कृती उभी आहे. चाक, अग्नी, शेती वगैरे गोष्टी त्यानंतर येतात. दिगंबर आगटेने हा सिद्धांत विहीर-पातळी नोंदणी संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी दीड पानात लिहून दिला होता. छपाईच्या वेळी जागा कमी पडली तेव्हा ते दीड पान काढून तिथे कँटीनचं सुधारित वेळापत्रक घालण्यात आलं. वेळापत्रक बऱ्याच जणांनी वाचल्याचं दिसलं.

तरीही सिद्धांत खरा होता, आणि बावीस वर्षं संस्थेची ईमेल त्यावर चालली होती. कोथरूडमधल्या त्या तीन मजली इमारतीत जिल्ह्यातल्या विहिरींची पाणीपातळी नोंदवली जाते. दिगंबर तिथल्या संगणक विभागाचा प्रमुख होता. विभागात तो एकटाच असल्याने प्रमुखपदावरून कधी वाद झाला नाही. एकशे चाळीस जणांच्या पत्रपेट्या तळमजल्यावरच्या एका डिस्कवर होत्या आणि त्या डिस्कवर दोन मशीनं वायरीवरून काम करायची. एक आलेलं पत्र पेटीत टाकणारं, म्हणजे पोस्टमन. दुसरं लोकांना पेटी उघडून दाखवणारं, आणि कुणी एखादं पत्र पुसलं की अख्खी पेटी पहिल्यापासून नव्याने लिहून काढणारं, म्हणजे कारकून. कारकुनाचं लिहिणं चालू असताना पोस्टमनने मध्येच नवं पत्र कोंबलं तर दोन पत्रं एकमेकांत घुसतात. तसं होऊ नये म्हणून कुलूप. कुलूप आपलं म्हणायचं. तो एक समजूतदारपणा असतो. आत जाण्यापूर्वी विचारायचं, कुणी आहे का? आहे म्हणाले तर थांबायचं. पण वायरीवरून विचारायचं म्हणजे प्रश्न पोचला का, उत्तर वाटेत अडकलं का, की पलीकडचा झोपलाय, काहीच कळत नाही. जगभरातले जाणकार या कुलपाला नाकं मुरडतात. दिगंबर सांगायचा, माझ्याकडे एकदाही चुकलेलं नाही. लग्नात, मुंजीत, शेजारच्या पाटावरच्या माणसाने काही विचारलेलं नसताना सांगायचा.

सोळा तारखेला, सोमवारी, सकाळी ऑफिसात चहाचा पहिला घोट तोंडात असताना त्याने घरची पेटी उघडली. घरची म्हणजे त्याची आणि श्यामलाची, दोघांत मिळून एक. ईमेल नवी आली तेव्हा घराला एक रेशनकार्ड, एक गॅस, तशी एक ईमेल पुरे असं त्याने ठरवलं होतं, आणि संचालकांच्या लेखी परवानगीने ती संस्थेच्या डिस्कवर ठेवली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं होतं. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की येत्या रविवारी टाक्या धुण्याचे काम असल्याने सकाळी आठ ते दुपारी चार पाणी बंद राहील. तरी सभासदांनी आदल्या दिवशी पुरेशा बादल्या दिगंबररावांना नाही सांगितलं तरी चालेल. खोली तुमच्या नावानं धरून ठेवली हाय. पंखा हाय, गच्चीला दार हाय. एक तारखेपासून कवाबी या. तुम्ही म्हणलात तसं सगळं एकटीपुरतं. आपला, रंगराव.’

त्याने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्याला जो धक्का बसला तो कुलपासाठी होता, हे त्याने नंतर स्वतःशी कबूल केलं. ‘बादल्या’ आणि ‘दिगंबररावांना’ या दोन शब्दांमध्ये जो सांधा होता, जिथे एक पत्र मेलं आणि दुसरं मधूनच जन्माला आलं, तिकडे तो पंख्याखाली बसून बघत राहिला. बावीस वर्षं. लग्नं, मुंजी. चहावर साय धरली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की पत्रात खोली आहे, ती एकटीपुरती आहे, आणि ती एकटी कोण हे सांगायला अक्कल लागत नाही. मग दुसरा धक्का बसला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता, पण क्रम लागायचा तो लागून गेला होता. कुणी पाहिलं नाही ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

रंगराव. नावाला मिशा होत्या. या नावाच्या माणसाकडे आपली बायको, भूगोलाची शिक्षिका, एकतीस वर्षांच्या संसारातून उठून जाईल का, हा प्रश्न त्याने दुपारच्या डब्याबरोबर चावला. ‘कवाबी या’ लिहिणारा माणूस कविता करत नसणार, हा एक दिलासा. पण आधी पंखा सांगून मग गच्ची सांगणाऱ्या माणसाला बायकांचं काहीतरी कळत असणार. दिगंबरने स्वतः लग्नाआधी श्यामलाला घराची माहिती दिली होती तेव्हा चटई क्षेत्रफळ सांगितलं होतं. आणि न सांगण्यातला तो सरावलेपणा! ‘नाही सांगितलं तरी चालेल.’ कुणाला चालेल? वाक्याचं डोकं कापलं गेलं होतं, धड तेवढं हातात होतं, आणि डोकं जिथे गेलं ते ठिकाण त्याच्याच अखत्यारीत होतं. घरी जाऊन सरळ विचारावं तर दोन गोष्टी तोंडाने म्हणाव्या लागणार होत्या: मी तुझं पत्र वाचलं, आणि माझं कुलूप तुटलं. पहिली म्हणायला तो तयार होता.

संध्याकाळी घरात शिरल्यावर त्याने सवयीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे पाहिलं. कॅलेंडरला कपड्यांचा एक निळा चिमटा असे. घरातला नियम असा की संगणकावर पेटी उघडली की चिमटा वरच्या कडेला लावायचा आणि बंद केली की खालच्या. त्याशिवाय वेळा वाटलेल्या होत्या: सकाळी अकरा ते बारा तो, दुपारी चार ते पाच ती. ती हे पाळायची. एकदाच, बऱ्याच वर्षांपूर्वी, तिने विचारलं होतं, की तुम्ही ऑफिसात असता, तुम्हाला चिमटा दिसणार कसा? तो प्रश्न त्याला त्या वेळी खोडसाळ वाटला होता. आज चिमटा खालच्या कडेला होता. तो म्हणाला, रविवारी पाणी नाही. ती म्हणाली, माहीत आहे, खाली पाटीवर लिहिलंय. मग बराच वेळ कुकर बोलला. भात कालवताना तो तिच्या चेहऱ्यावर गच्ची शोधत होता. चेहरा नेहमीसारखा होता, आणि नेहमीसारखा म्हणजे कसा हे त्याला डोळे मिटून सांगता आलं नसतं; चष्म्याची काडी नवी होती की जुनीच, यावर तो वरणापासून ताकापर्यंत अडकून पडला.

लहानपणी दिगंबरचं कुटुंब कसब्यात राहत असे. आठ बिऱ्हाडं आणि दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नव्हती. बाहेर टमरेल ठेवलेलं असलं म्हणजे आत माणूस आहे, हा कायदा. कडीपेक्षा टमरेल भक्कम, असं त्याचे वडील म्हणत, कारण कडी मोडता येते, टमरेलाला ओलांडून जाईल असा माणूस अजून या घरात जन्मला नाही. एकदा मागच्या बिऱ्हाडातले बद्रीनाथकाका टमरेल बाहेरच विसरले आणि साताऱ्याची गाडी पकडून गेले. सकाळी सहापासून साडेदहापर्यंत सगळी बिऱ्हाडं रांगेत उभी. कुणी खाकरलं, कुणी काकांच्या प्रकृतीची चौकशी केली, दार मात्र कुणी ढकललं नाही. दिगंबरच्या वडिलांना नोकरीत पहिल्यांदा उशीर झाला तो त्या दिवशी. घरी जेवताना ते म्हणाले, आत कुणी नसेल अशी शंका मला सातलाच आली होती, पण तसं बघणं बरं दिसत नाही. दिगंबर तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि त्याला वडिलांचा अभिमान वाटला होता. त्या रात्री श्यामला कुशीवर वळून झोपलेली असताना तो छताकडे बघत तीनदा खाकरला. ती म्हणाली, गुळण्या करा.

मंगळवारी तनुजा आली. संस्थेची ईमेल महिनाअखेर एका मोठ्या कंपनीकडे हलवायची ठरली होती आणि ते काम खराडीतल्या ज्या ऑफिसला दिलं होतं तिथली ही प्रमुख, चाळिशीची, कमी बोलणारी. हलवायला दिगंबरचा विरोध होता. त्याने त्यावर चार पानी टिपण दिलं होतं आणि त्यातला पहिला मुद्दा कुलूप हा होता. आता त्याच कुलपाचं प्रेत तिला दाखवायचं होतं. त्याने सोसायटीच्या पत्राची छापील प्रत ‘बादल्या’पाशी घडी घालून तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, सर, खालचं पण लागेल, जॉइंट बघायचाय. त्याने घडी उलगडली. तिने वाचलं, सांध्यावर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली, आणि बाकीच्या मजकुराचा तिच्या चेहऱ्यावर काही परिणाम झाला नाही. या बाईला आपण चार पानी टिपण दिलं याची त्याला त्या क्षणी लाज वाटली. मग ती पडद्याकडे वळली, वीसेक मिनिटं काहीबाही उघडत राहिली आणि म्हणाली, “सर, रीडर मशीनवर नेटवर्कचं लॉक ऑफ केलेलं आहे. नऊ तारखेपासून. बाजूला कॉमेंट आहे, ‘तात्पुरतं’, आणि तुमचे इनिशियल्स.”

नऊ तारीख. संचालकांना दिल्लीला जायचं होतं आणि त्यांची पेटी उघडत नव्हती, कारण कारकून-मशीन, म्हणजे तनुजाचं रीडर, वायरीवरून कुणी आहे का म्हणून विचारत होतं आणि उत्तर देणारा छोटा प्रोग्रॅम कोमात गेला होता. संचालक दाराशी उभे, हातात बॅग, खाली गाडी चालू. दिगंबरने एक शब्द बदलला होता. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की बाबा रे, बाहेर कुणाला विचारत बसू नकोस, तुझं कुलूप तुझ्या घरात लाव आणि कामाला लाग. पेटी उघडली, संचालक दिल्लीला गेले, दिगंबर कँटीनला गेला. त्या दिवसापासून दोन्ही मशीनं अगदी मनोभावे कुलूप लावत होती, प्रत्येक आपापल्या घरात, आणि मग खुशाल एकाच पेटीत शिरत होती. कुणीही नियम मोडला नव्हता. त्याने तनुजाला विचारलं, की यात जी पत्रं खाल्ली गेली ती परत मिळतील का. ती म्हणाली, रोजच्या कॉप्या आहेत, शोधते, दोन-तीन दिवस द्या. आणि तो शब्द तिने त्याच्यादेखत पुसला. ‘तात्पुरतं’ मात्र राहू दिलं. पुरावा म्हणून असावं.

आता कुलूप तुटल्याचं परक्या माणसाला सांगून झालं होतं, तेव्हा घरी सांगायला फारसं काही उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी श्यामला मेथी निवडत होती. गेल्या जूनमध्ये तिने तीन वर्षं आधीच निवृत्ती घेतली होती, आणि तेव्हापासून भाजी इतकी स्वच्छ निवडली जात होती की ताटात काही उरत नसे. त्याने शर्टही न बदलता विचारलं, “रंगराव कोण?”

“कात्रजचे. माझ्या वर्गातल्या ऋतुजाचे वडील. शेत गेलं, आता वर खोल्या बांधल्यात.” तिने एक काडी बाजूला टाकली. “त्यांनी लिहिलंय वाटतं.”

तो म्हणाला, लिहिलंय, अर्धवट पोचलंय, आणि मला न सांगण्याबद्दल पोचलंय. हे वाक्य त्याने पौड रोडच्या सिग्नलपासून तयार केलं होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि तिने सांगितलं. भिंतीला खिळे मारायचे नाहीत अशी रंगरावांची अट होती. तिने कळवलं होतं की खिळ्यांची हौस आमच्या यांना, आणि ते काही तिथे यायचे नाहीत. म्हणून रंगरावांनी लिहिलं असणार, की मग या अटीचं दिगंबररावांना नाही सांगितलं तरी चालेल. दिगंबरला एकदम हलकं वाटलं. तो खुर्चीत बसला, बुटाची लेसही सोडली. मग ‘तिथे यायचे नाहीत’ हा भाग सावकाश, मागच्या दाराने आत आला.

“म्हणजे खोली आहे,” तो म्हणाला.

“आहे. ते पत्रात लिहिलंय सगळं.”

“कुठल्या पत्रात?”

आता तिने मान वर केली. “माझ्या. चार तारखेच्या. अहो, तेरा दिवस झाले. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं हेच उत्तर.”

त्याला जे वाटलं ते आनंदासारखं होतं, आणि ते वाटणं बरोबर नव्हे हे कळूनही ते थांबेना. पत्र! तिने लिहिलेलं, त्याला, आणि ते कुलपाने खाल्लं. तो उठून उभा राहिला. त्याने तिला पोस्टमन सांगितला, कारकून सांगितला, संचालकांची बॅग सांगितली, दोन्ही मशीनं आपापल्या घरात कशी कुलूप लावून बसतात ते मेथीच्या दोन जुड्या ओट्यावर मांडून दाखवलं. एकतीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल तिने इतका वेळ ऐकून घेतलं नव्हतं. तिचे हात थांबले होते. तो म्हणाला, बघ, मी वाचलंच नाही, माझ्यापर्यंत आलंच नाही ते, दोष पूर्णपणे तांत्रिक आहे. ती म्हणाली, असेल. तिच्या स्वरात किंचित जागा झालेली त्याला ऐकू आली. मग तो म्हणाला, पत्रात काय होतं ते आता सांग ना.

“शेवटी एक प्रश्न होता,” ती म्हणाली. “त्याचं उत्तर आलं असतं तर कदाचित खोली धरली नसती.”

“मग विचार आत्ता.”

“तोंडी विचारता आला असता तर लिहिला कशाला असता?” तिने जुड्या पुन्हा पुढ्यात ओढल्या. “सापडलं तर वाचा आणि उत्तर द्या. नाही सापडलं तर मी एक तारखेला जाईन. भांडण नाही. तुम्ही समजा, मी लिहिलंच नव्हतं.”

बुधवार आणि गुरुवार तो त्या प्रश्नाच्या आजूबाजूला राहिला. संस्थेत मुळशीच्या विहिरींचे आकडे येत होते, सव्वातीन मीटर, तीन मीटर, आणि त्याला वाटत होतं की प्रत्येक विहिरीच्या तळाशी एक प्रश्न पडलाय आणि लोक नुसती पट्टी सोडून वर ओढतायत. काय विचारलं असेल? तुम्ही माझ्याबरोबर कात्रजला याल का? ते तर नाहीच, एकटीपुरतं आहे. तुम्हाला माझी उणीव भासेल का? असं श्यामला विचारणार नाही, तिला ‘उणीव’ शब्दाचा तिटकारा. गेल्या जूनमध्ये शाळेत तिचा निरोपसमारंभ झाला होता. ती वीस मिनिटं बोलली. तो शेवटच्या रांगेत होता, कारण तिथे मोबाइलला रेंज होती आणि डिस्क भरत आली होती. लोक मध्येच हसले तेव्हा तो हसला, टाळ्या वाजल्या तेव्हा त्याने वाजवल्या. घरी येताना रिक्षात तिने विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, छान, आवाज मागेपर्यंत पोचत होता. ती मग कर्वे पुतळ्यापर्यंत बाहेर बघत होती. पुलाचं काम चालू होतं, बघण्यासारखं होतं. आता त्याला वाटू लागलं की प्रश्न त्या भाषणातलाच असावा, किंवा भाषणात त्याचं उत्तर असावं, आणि दोन्ही वेळा मध्ये कुलूप आलं.

कुलूप मध्ये आलं, या वाक्याने त्याला बरं वाटायचं. दोन दिवस तो अंगावर शाल घ्यावी तसं ते घेऊन फिरला. बुधवारी त्याने ऑफिसच्या कागदावर उत्तराचा मसुदाही केला: ‘प्रिय श्यामला, तांत्रिक कारणामुळे तुझ्या पत्राचं उत्तर देण्यास विलंब झाला, त्याबद्दल.’ पुढे ‘दिलगीर आहे’ लिहिणार होता, ते खोडून ‘वाईट वाटतं’ लिहिलं, आणि ते खरंच वाटत असल्याचं पाहून थोडा चकित झाला. गुरुवारी येताना त्याने चाफ्याची फुलं घेतली. ती तिने पाण्यात ठेवली आणि विचारलं, सापडलं का? तो म्हणाला, शोधतायत, माणूस चांगला आहे कामावर. ती म्हणाली, बरं. कपाटावरून तिने बॅग काढून पुसली होती, पण भरली नव्हती, उघडी ठेवली होती. एवढ्यावर त्याला आशा वाटली. तिलाही ते पत्र सापडायला हवं होतं. हे त्याला बॅगेवरून कळलं, आणि बॅगेवरून का होईना, एकतीस वर्षांत बायकोचं मन आपल्याला न सांगता कळलं याचा त्याला आनंद झाला. त्याने ठरवलं की प्रश्न काहीही असो, उत्तर ‘हो’ द्यायचं. आणि प्रश्न असा असला की ‘हो’चा घोटाळा होईल, तर पुन्हा एकदा नीट वाचायचं.

शुक्रवारी सकाळी तनुजाचा फोन आला तेव्हा त्याने आधी दार लावून घेतलं. ती म्हणाली, नऊ तारखेनंतरची एकूण सहा पत्रं बिघडली होती, ती दुरुस्त केली; रंगरावांचं पण पूर्ण सापडलं, त्यात वर खिळ्यांचं आहे. तो म्हणाला, चार तारखेचं?

“ते हरवलेलंच नाही, सर. अख्खं आहे,” ती म्हणाली. “तुमच्याच पत्त्यावरून तुमच्याच पत्त्यावर आलंय, विषय ‘घरातलं’. तुमचा ‘किरकोळ’ म्हणून एक फोल्डर आहे, त्यात आहे. वाणसामानाच्या याद्या आहेत ना, त्यांच्यात.”

तिकडे कसं गेलं, त्याने विचारलं. तिने नोंदी वाचून दाखवल्या, विहिरीचे आकडे वाचतात त्या आवाजात. पत्र चार तारखेला सकाळी अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी ऑफिसातल्या त्याच्या टेबलावरच्या मशीनवरून उघडलं गेलं होतं. अकरा वीसला ‘किरकोळ’मध्ये हलवलं गेलं होतं.

“आणि कुलूप?” तो म्हणाला.

चार तारखेला कुलूप चालू होतं. दोन्ही मशीनवर.